दोन किमती, दर मात्र एकच? (एकमान, गुणोत्तर आणि दुकानातलं गणित)

सोनचाफा
मुलगी सहावीत आहे, गणितात सध्या गुणोत्तर-प्रमाण चालू आहे. '८ वह्यांना २४० रुपये, तर ५ वह्यांना किती' छापाची गणितं ती पटापट सोडवते. म्हणून या रविवारी वाणसामानाला जाताना तिला बरोबर घेतलं आणि म्हटलं, आज स्वस्त काय ते तू सांगायचं.

तूरडाळीपाशीच गाडी अडली. दोन कंपन्यांची अर्ध्या अर्ध्या किलोची पाकिटं, एक ८८ रुपयांचं, एक ९२ रुपयांचं. दोन्हींवर बारीक अक्षरात 'प्रति ग्रॅम ०.१८ रुपये'! शेजारी २ किलोचं पाकीट ३५० ला, त्यावर 'प्रति किलो १७५ रुपये'. तिचा प्रश्न: वजन सारखं, किंमत वेगळी, मग दर एकच कसा? आणि एकावर ग्रॅमचा दर, दुसऱ्यावर किलोचा, असं का?

मला धड उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगा. शिवाय दुकानात उभ्या उभ्या करायला एकमान पद्धत (आधी एकाचा दर काढायचा ती) बरी की तिरकस गुणाकार (दोन गुणोत्तरं बरोबरीत मांडून करायचा तो)? आणि रोजच्या व्यवहारातली चांगली उदाहरणं सुचवा, वह्या-पेनांचा कंटाळा आलाय आम्हाला दोघींनाही.

बांधावरचा
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी धार काढून झाली की लिहितो.

वजनमाप
छपाईची चूक नाही, नियमच तसा आहे. वेष्टित वस्तूंसाठी वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम आहेत. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पाकिटावर एकक विक्री किंमत छापणं आलं. माल १ किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला, जास्त असेल तर किलोला. पातळ पदार्थांना तसंच, मिलिलिटर आणि लिटर. आणि दर दोन दशांश स्थळांपर्यंत.

आता गंमत बघा. ८८ ला ५०० ने भागलं तर ०.१७६. ९२ ला भागलं तर ०.१८४. दोन्ही दोन स्थळांपर्यंत आणले की ०.१८. ग्रॅममागे एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये! त्यामुळे किलोला १७५ पासून १८५ च्या अलीकडपर्यंतची कुठलीही डाळ पाकिटावर ०.१८ चीच दिसणार.

माल जितका स्वस्त तितकी ही पंचाईत मोठी. अर्धा किलो मीठ १३ रुपयांचं असो नाहीतर १७ चं, दोन्हींवर ०.०३ च येणार. एक किलोला २६, दुसरं किलोला ३४. वेलदोड्याच्या पाकिटावर एका पैशाने काही बिघडत नाही, मिठावर बिघडतं.

तिरकस
म्हणजे सरकारने ग्राहकाला भिंग दिलं आणि वर त्याला वाफ धरली.

बाय द वे, धाग्यात माझं नाव घेतल्याबद्दल आभार. माझा गुणाकार जगप्रसिद्ध आहे.

राइनकाठ
आमच्याकडे जर्मनीत हा दर पाकिटावर नाही, फळीवरच्या चिठ्ठीवर असतो, मोठ्या किमतीखाली बारीक अक्षरात. पूर्वी २५० ग्रॅमपर्यंतच्या मालाला १०० ग्रॅमचा दर चालायचा, त्यामुळे चीजच्या कपाटासमोर सोनचाफांच्या लेकीसारखंच व्हायचं. मे २०२२ च्या अखेरीपासून पाकीटबंद मालाला किलोचा किंवा लिटरचाच दर लिहावा लागतो. ४० ग्रॅम दालचिनी २ युरोला असेल तर खाली '१ किलो = ५० युरो'. बघून छातीत धस्स होतं, पण तुलना एका नजरेत होते. अगदी चिमूटभराच्या पुड्या, १० ग्रॅमच्या आतल्या, तेवढ्या या नियमातून सुटतात.

तिरकस
नशीब. नाहीतर केशराच्या डबीखालची चिठ्ठी वाचायला डॉक्टर बरोबर न्यावा लागला असता.

पाटीपेन्सिल
सोनचाफाताई, प्रश्न फार छान विचारलाय लेकीने. बावीस मुलांच्या वर्गात एकालाही असं सुचत नाही कधी कधी.

पद्धतीबद्दल माझं मत ठाम आहे: आधी एकमान, मग गुणोत्तर, आणि तिरकस गुणाकार सगळ्यात शेवटी. तिरकस गुणाकारात मुलं आकडे चौकटीत टाकतात आणि चरक फिरवतात. कुठला आकडा कुठे बसवायचा हे चुकलं की उत्तर चुकतं, आणि चुकलंय हे कळायला हातात काहीच नसतं. '६ मजूर ८ दिवसांत विहीर खणतात, तर १२ मजूर?' याला वर्गातली निम्मी मुलं १६ दिवस लिहितात. का? तर गुणाकार बरोबर आला म्हणून. मजूर दुप्पट झाल्यावर काम लांबेल कसं, हे विचारायची पाळीच येत नाही.

एकमानात 'एक' कशाचा धरायचा हे आपल्या हातात असतं, आणि खरी किल्ली तिथे आहे. एका ग्रॅमला किती रुपये, असं विचारलं की ०.१७६ आणि ०.१८४ अशी नाठाळ दशांशं येतात. तेच उलटं विचारा: एका रुपयात किती ग्रॅम? ५०० भागिले ८८ म्हणजे साधारण ५.६८ ग्रॅम, ५०० भागिले ९२ म्हणजे ५.४३ ग्रॅम. फरक लगेच दिसला की नाही?

फक्त एक पथ्य पाळायचं. रुपये प्रति ग्रॅममध्ये लहान आकडा स्वस्त, ग्रॅम प्रति रुपयामध्ये मोठा आकडा स्वस्त. म्हणून मी मुलांना उत्तर नुसतं आकड्यात सांगूच देत नाही. 'पाच पूर्णांक अडुसष्ट' असं कोणी म्हणालं की मी विचारतो, 'पाच पूर्णांक अडुसष्ट काय? बैल?'

घाटमाथा
मास्तर, आदर आहे, पण दुकानात ८८ ने भागाकार कोण करतं? मागे गाडी घेऊन माणसं उभी असतात.

आमचे आजोबा चौथी शिकलेले. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं पाठ. त्यांनी कधी 'एका ग्रॅमला' असं म्हटल्याचं आठवत नाही. ते माप सारखं करून घ्यायचे. अर्धा किलो ८८ ला? किलो १७६. दोन किलो ३५० ला? किलो १७५. संपलं. सोनचाफाताई, तुमच्या उदाहरणात २ किलोचं पाकीट घेऊन वाचतात किती, तर सगळे मिळून दोन रुपये. पाकिटावरचा ०.१८ वाचून किलो १८० धरला तर मात्र किलोमागे पाच रुपये वाचल्यासारखं वाटतं.

वजनं अडनिडी असली तर माझी युक्ती अशी. ४०० ग्रॅम ६० ला, ७५० ग्रॅम १०५ ला. मी भागतच नाही. विचारतो: मोठं घेतलं तर वरचे ३५० ग्रॅम कितीला पडले? ४५ ला. आणि लहान पाकिटात ४०० ला ६०, म्हणजे १०० ला १५, म्हणजे ३५० ला साडेबावन्न. साडेबावन्नचा माल पंचेचाळीसला मिळतोय, घ्या मोठं.

पाटीपेन्सिल
घाटमाथा, तुम्ही १०० ला १५ काढलेत ना, तीच एकमान पद्धत. तुमचा 'एक' १०० ग्रॅमचा आहे एवढंच :)

घाटमाथा
हे म्हणजे आम्ही वाट्टेल ते केलं तरी मास्तरांचीच पद्धत. चालू द्या.

बोरूबहाद्दर
वर केशराचा विषय निघालाच आहे तर भास्कराचार्यांना बोलावतो. 'लीलावती' ११५० च्या सुमाराची, आणि त्यात त्रैराशिकाचं पहिलंच उदाहरण केशराचं आहे: अडीच पळं (पळ हे वजनाचं जुनं माप) केशर तीन सप्तमांश निष्काला (निष्क म्हणजे जुनं नाणं) मिळतं, तर नऊ निष्कांना किती? तेही चक्क वाण्याला उद्देशून विचारलेलं.

त्रैराशिकात तीन राशींना नावं आहेत: प्रमाण, फल, इच्छा. इथे प्रमाण ३/७ निष्क, फल अडीच पळं, इच्छा ९ निष्क. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची हवीत, दोन्ही पैसे किंवा दोन्ही वजन. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. उत्तर साडेबावन्न पळं. मजुरांच्या गणितासारख्यांना व्यस्त त्रैराशिक म्हणून वेगळी जागाच दिली आहे, म्हणजे तेव्हाचीही मुलं १६ दिवस लिहीत असणार.

तिरकस
साडेबावन्न! घाटमाथांचंही साडेबावन्नच आलं होतं. मी धाग्याला शरण आलो.

हळदीची_वाटी
तेलाच्या डब्याचं अजून कोणीच कसं काढलं नाही? दिवाळीच्या आधी दरवर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून जुंपते.

'१५ चा डबा' म्हणून दोन डबे मिळतात, एक १५ लिटरचा, एक १५ किलोचा. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल जवळपास १३.६५ किलोच. उलट १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर.

समजा लिटरवाला २२५० ला आणि किलोवाला २४०० ला आहे. ग्रुपवर सगळ्या २२५० वर उड्या मारतात. लिटरवाला पडला १५० रुपये लिटर. किलोवाला २४०० भागिले १६.४८, म्हणजे साडेपंचेचाळीसच्या आसपास, एकशे साडेपंचेचाळीस हो! महाग डबा स्वस्त निघाला. डब्यावर 'लि.' आहे की 'किग्रॅ' हे चष्मा लावून वाचायचं आणि मगच पैसे काढायचे.

वजनमाप
+१. पुन्हा त्यात तापमान. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे गरम तेलाच्या 'एक लिटर'मध्ये वजन कमी भरतं. काही उत्पादक पाकिटावर आकारमानाबरोबर चढं तापमान छापायचे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढा आणि छापलेलं वजन बरोबर भरलं पाहिजे असं बजावलं. म्हणून तेलाला कायम किलोचाच दर काढावा. वजन तापमानाने बदलत नाही.

बांधावरचा
आलो. तुम्ही घेणाऱ्यांचं गणित मांडताय, आता विकणाऱ्याचं ऐका.

गाईच्या दुधाचा भाव जाहीर होतो तो ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफला (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). पेपरात 'दुधाला ३३ रुपये' वाचून पाव्हणे म्हणतात, मज्जा आहे तुमची. डेअरीत कॅनमधलं दूध यंत्राला लागतं, चिठ्ठी बाहेर येते: फॅट ३.२. मग पॉइंटामागे, म्हणजे ०.१ फॅटमागे, कपात. समजा पॉइंटाला ३० पैसे, तर तीन पॉइंटांचे ९० पैसे गेले. म्हणजे आमचा दर नुसता लिटरमागे नाही, लिटर, फॅट आणि एसएनएफ तिन्हींमागे आहे. पावसाळ्यात हिरवा चारा भरपूर मिळाला की दूध वाढतं, फॅट पडते, आणि लिटर वाढूनही पट्टी (हातात येणारे पैसे) तेवढीच.

कांद्याचं तर विचारू नका. लासलगावचा भाव क्विंटलचा असतो, शंभराने भागा की किलोचा. इथवर शाळेतलं. खरं गणित चाळीतलं (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधलं) आहे. उन्हाळी कांदा चाळीत भरला, किलोला १५ भाव असताना विकला नाही. चार-पाच महिन्यांत सड, वजनातली घट, कोंब, सगळं मिळून ३० टक्के गेला. आता जिथल्या तिथे यायला काय भाव पाहिजे? आमच्याकडे निम्मी जण म्हणतात ३० टक्के वाढवा, साडेएकोणीस. चूक. शंभर किलोचे १५०० आले असते. आता हातात ७० किलो. १५०० भागिले ७० म्हणजे २१ रुपये ४३ पैसे. साडेएकोणीसला विकणारा किलोमागे दोन रुपये तोट्यात असतो आणि घरी सांगतो, थांबलो ते बरं झालं. हमाली, तोलाई आणि चाळीचा खर्च अजून धरलाच नाही.

सोनचाफा
बांधावरचा, हे उदाहरण लेकीला दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: '३० टक्के गेले तर ३० टक्क्यांनी का भरून येत नाहीत?'

बांधावरचा
तिला म्हणावं, गेले ते शंभराचे ३० टक्के. भरायचेत ते उरलेल्या सत्तरातून. सत्तराला तीस म्हणजे जवळपास ४३ टक्के.

कोपऱ्यातला_बाक
अगदी हेच बिस्किटाच्या पुड्यावर उलटं चालतं. '२५% जादा, त्याच किमतीत' म्हणजे २५ टक्के सूट नव्हे. शंभराच्या पैशात सव्वाशे, म्हणजे ग्रॅममागे २० टक्केच स्वस्त. 'तीनवर एक मोफत' म्हणजे २५ टक्के सूट, पण चार वड्या घेतल्या तरच. हे विक्रीवाल्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून २० पेक्षा २५ चा आकडा छापतात.

घाटमाथा
गाडीचं पण येऊ द्या. पेट्रोल लिटरने, सीएनजी किलोने, त्यामुळे 'सीएनजी १५ रुपयांनी स्वस्त' या वाक्याला काही अर्थच नाही. 'एक' धरायचा तो किलोमीटरचा. समजा पेट्रोल १०५ आणि गाडी देते १८, तर किलोमीटरला ५.८३. सीएनजी ९० आणि देते २६, तर ३.४६. फरक २.३७. किट ६० हजाराचं असेल तर ते फिटायला पंचवीस हजार किलोमीटरच्या वर जावं लागतं. वर्षाला चार हजार चालवणाऱ्याने उगाच डिकी घालवू नये.

आणि सरासरी काढताना घाटाचं भान ठेवा. ताम्हिणी चढताना गाडी १२ देते, उतरताना २०. सरासरी १६ नाही! ६० किलोमीटर चढाला ५ लिटर, ६० उताराला ३. एकूण १२० किलोमीटर, ८ लिटर. सरासरी १५.

मीठभाकर
सगळे दर काढून झाले असतील तर एक विरोधी सूर लावते.

माझ्या सासूबाई एकट्या राहतात. त्यांना मी हौसेने पाच किलोची कणीक दिली, किलोमागे स्वस्त म्हणून. दीड किलो संपेपर्यंत बाकीच्यात पोरकिडे. टाकली ती कणीक धरली तर किलोचा दर कुठल्या कुठे गेला. त्या आता खाली गिरणीत दोन किलो गहू दळून आणतात, दर जास्त देऊन, आणि त्यांचंच बरोबर आहे. छापलेला दर आणलेल्या ग्रॅमचा असतो, खर्च पोटात गेलेल्या ग्रॅमवर मोजायला हवा.

मोठं ते स्वस्त हेही खरं नाही. शाम्पू बघा. ६ मिलीची पुडी २ रुपयांना, म्हणजे मिलीला ३३ पैसे. ३४० मिलीची बाटली ३०० ला, म्हणजे ८८ पैसे! आकडे इकडेतिकडे होतील, पण कल हाच दिसतो. (पुड्यांचा प्लास्टिकचा कचरा कोण मोजणार, तो वेगळा धागा.) आणि कपड्यांच्या पावडरीला किलो हे एकक धरणंच चूक, धुण्यामागे किती पडली ते बघा.

हळदीची_वाटी
धुण्यामागे! शंभर टक्के अनुमोदन. आंब्याचंही तसंच. डझनाचा भाव सांगतात, पण पेटी चार डझनी की सहा डझनी हे विचारल्याशिवाय भावाला अर्थ नाही. सहा डझनीतलं फळ लहान. मी सरळ वजन करून किलोचा भाव काढते, मग वर साल-कोय वजा.

तिरकस
हळदीताई, तुम्ही आंबेवाल्यासमोर कोय वजा करता? त्याचे हावभाव टिपून ठेवा, इथे टाका.

राइनकाठ
इकडे हापूस पेटीनेच येतो, आणि दर विचारायचा नसतो. आमच्या मराठी मंडळात त्याला 'व्यस्त प्रमाण' म्हणतात: घराची आठवण जितकी जास्त तितकी घासाघीस कमी.

सोनचाफा
सगळ्यांचे आभार, काय काय मिळालं! मास्तरांचं 'एका रुपयात किती ग्रॅम' आणि घाटमाथांचं 'माप सारखं करा', दोन्ही लेकीला आवडलं. ती आता वजनं दुपटीत बसत असली तर घाटमाथा, नाहीतर मास्तर, असं ठरवते. काल तिने अंघोळीच्या साबणाची 'चार एकत्र' पट्टी धरली. वडीमागे सुटीपेक्षा स्वस्त होती खरी, पण पट्टीतली वडी १०० ग्रॅमची आणि सुटी १२५ ची. ग्रॅममागे सुटीच स्वस्त. बाबाने आधीच दोन पट्ट्या गाडीत टाकल्या होत्या, त्या तिने परत फळीवर ठेवायला लावल्या.

पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. मास्तर, एखादं गणित द्या ना तिला, जरा वळणाचं.

पाटीपेन्सिल
देतो. एका दुकानात ७ इंची पिझ्झा १५० रुपयांना, १० इंची ३०० ला. जाडी सारखी. १० इंची संपलेत, दुकानदार म्हणतो त्याऐवजी ७ इंची दोन घ्या, पैसे तेवढेच. नुकसान कोणाचं? तिला सांगा, इंचावर जायचं नाही.

कोपऱ्यातला_बाक
१४ इंच मिळतायत १० च्या जागी, घ्या की!

घाटमाथा
बाक, म्हणूनच तुम्ही कोपऱ्यात. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. ७ चा वर्ग ४९, दोन घेतले की ९८. १० चा वर्ग १००. दोन टक्क्यांचं नुकसान, म्हणजे जवळपास बरोबरीच. दोन ६ इंची दिले असते तर ७२, मग भांडायला हवं.

मीठभाकर
पण कड कोणी धरली का? परीघ व्यासाच्या प्रमाणात. दोन सातांची कड १४ च्या पटीत, एका दहाची १० च्या. म्हणजे ४० टक्के जास्त कड आणि मधला चीजचा भाग त्या मानाने कमी. आमच्या घरात कड कोणी खात नाही, त्यामुळे आम्ही दहाचा होईपर्यंत थांबू.

तिरकस
आमच्या घरी फक्त कडच उरते, कारण मी शेवटी जेवतो. मला दोन सात इंची द्या.